चार जेलांचा दिवस

पहाटे साडेपाच

मटणाचं दुकान उघडायच्या आत चाचांना गाठावं लागतं. मला हवे असतात बोकडाचे कान, आणि तेही आच लागायच्या आधीचे. मुंडी-पाये विकायला मांडण्यापूर्वी त्यांच्यावरचे केस जाळतात. त्या कातड्याला एकदा झळ बसली की वरून ते तसंच दिसतं, पण औषध अडवायची त्याची ताकद गेलेली असते. अशा कातड्यातून कुठलंही मलम भराभर आत उतरतं आणि नुसताच आनंद होतो. म्हणून चाचा माझ्यासाठी कान आधीच कापून बाजूला ठेवतात. दुकानातला नवा पोरगा विचारतो, "मॅडम, या कानांचं काय करायलाव?" उत्तर चाचाच देतात, "दुखण्याचं औषध तपासतात त्या. तू बर्फ आण आधी."

बर्फाच्या डब्यात कान, डबा स्कूटरवर पायाशी, आणि सोलापूरच्या पूर्व भागातून कॉलेजचा रस्ता. यंत्रमागांची रात्रपाळी अजून सुटलेली नसते. गल्लीगल्लीतून मागांची खडखड येत असते. जिथे जाग असते तिथे उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बाया विड्या वळायला बसलेल्या दिसतात. चादर, टॉवेल आणि विडी यांवर जगणाऱ्या या शहरात मान, खांदा, मनगट आणि अंगठा दुखत नाही असं घर सापडणं कठीण. प्रत्येक फळीवर एक दाबून चपटी झालेली ट्यूब असते. त्या ट्यूबमधली दोन-तीन-चार औषधं एकत्र आल्याने खरोखर काही जास्त होतं का, हे शोधणं माझं काम आहे, आणि हे काम फार गरजेचं आहे असं मी मनापासून मानते.

सात

माझी एम. फार्म.ची विद्यार्थिनी माझ्याही आधी पोचलेली असते. कान धुवायचे, केस कात्रीने जमेल तितके बारीक कापायचे. वस्तरा लावायचा नाही, वरचा थर खरवडला जातो. मग आतली कूर्चा आणि चरबी चिमट्याने धरून, स्काल्पेलच्या टोकाने हळूहळू सोडवायची. तिचा हात या कामात माझ्यापेक्षा हलका आहे. सोडवलेला प्रत्येक तुकडा ती खिडकीपाशी नेऊन उजेडावर धरते. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तुकडा बाद.

त्वचेचा सगळा पहारा सर्वांत वरच्या, मेलेल्या पेशींच्या थरावर असतो. हाताच्या, पायाच्या साध्या त्वचेवर त्याची जाडी १० ते २० मायक्रॉन, म्हणजे कागदाहूनही कितीतरी कमी. सपाट पेशी एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्या सांध्यांत चरबीचे पदर. पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि परकं काही आत येऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठीच तो घडलेला. यातून साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू जात नाहीत असा आमच्या विषयातला एक ठोकताळा आहे. डायक्लोफिनॅकचा रेणू २९६ चा, मेंथॉलचा १५६ चा. दोन्ही लहान आहेत, म्हणून आशेला जागा आहे. पण लहान असणं वेगळं आणि पुरेशा प्रमाणात दुखऱ्या सांध्यापर्यंत पोचणं वेगळं.

आठ

आदल्या रात्री पाण्यात भिजत घातलेलं कार्बोपोल आता फुगून पारदर्शक झालेलं असतं. त्यात ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब पडायला लागले की पातळ, आंबट पाण्याचं बघता बघता घट्ट जेल होतं. हे कितीदाही पाहिलं तरी मला आवडतं. सामू सातच्या आसपास आणायचा, कारण आंबटपणा राहिला तर डायक्लोफिनॅक विरघळलेलं राहत नाही, त्याचे कण सुटतात आणि जेल खरखरीत होतं.

दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या ट्यूबवरचं बारीक छापलेलं वाचलं तर चार नावं सापडतात: डायक्लोफिनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के, जवसाचं तेल ३ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के आणि मेंथॉल ५ टक्के. पहिलं सूज उतरवणारं. जवसाचं तेल, ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याचंच. तिसरं ते उग्र वासाचं, लावल्यावर ऊब देणारं. चौथं थंडावा देणारं. आता यातल्या प्रत्येकाने किती भार उचलला हे खरंच शोधायचं ठरवलं, तर प्रत्येक घटक असलेलं आणि नसलेलं, अशा सगळ्या जोड्या लावाव्या लागतात. दोन घटक असले तर चार जेल होतात. चार घटक असले तर सोळा. सोळा जेल, प्रत्येकाची कातड्यावर तपासणी, आणि पुढे माणसांवर! म्हणून आम्ही दोनच घेतले आहेत, डायक्लोफिनॅक आणि मेंथॉल. बाटल्यांवर नावं नाहीत, फक्त क, ख, ग, घ. एकात दोन्ही औषधं, एकात नुसतं डायक्लोफिनॅक, एकात नुसतं मेंथॉल आणि एकात काहीच नाही.

हे काहीच नसलेलं जेल, आमच्या बोलीत ब्लँक, नवख्या मुलांना वाया गेलेलं वाटतं. मला विचाराल तर चारांत तेच सर्वांत महत्त्वाचं.

नऊ

फ्रान्झ सेल भरायची वेळ. अमेरिकेतल्या थॉमस फ्रान्झ यांनी १९७५ साली या पद्धतीवर लिहिलं आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा काचेची ही साधी दोन मजली नळी वापरतात. खालच्या मजल्यात ७.४ सामूचं फॉस्फेट बफर, म्हणजे रक्ताच्या जागी ठेवलेलं पाणी. तळाशी चुंबकाची छोटी कांडी गरगरत असते. दोन मजल्यांच्या मधे कातडं, पहाऱ्याचा थर वरच्या बाजूला. वरच्या मजल्यात मोजून घातलेलं जेल. क्लिप लावायची, आणि मग सेल तिरका करून खाली अडकलेला हवेचा बुडबुडा बाजूच्या नळीतून बाहेर काढायचा. बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागेतून औषध उतरतच नाही.

सेलभोवतीच्या काचेच्या आवरणात पाणी फिरतं ते कातड्याचा पृष्ठभाग ३२ अंशांवर ठेवण्यासाठी, कारण माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग साधारण तेवढा असतो. पुस्तकं थंड देशांत लिहिलेली, तिथे पाणी गरम करणारं यंत्र पुरतं. सोलापुरात एप्रिलमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद खोलीही ३२ च्या वर जाते. इथे पाणी गरम करायचं नसतं, गार राखायचं असतं. म्हणून खिडक्यांना ओल्या चादरी, एसी चालू आणि वीज जाऊ नये ही प्रार्थना. तापमान वाढलं की औषध जास्त उतरतं आणि आकडे चांगले दिसतात. या फसव्या चांगल्या आकड्यांवर आम्ही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतो.

साडेनऊ, दहा, अकरा

आता दिवस घड्याळाच्या ताब्यात. प्रत्येक ठरल्या वेळेला बाजूच्या नळीतून एक मिलिलिटर द्रव काढायचा आणि तेवढंच ताजं बफर आत घालायचं. विद्यार्थिनी काढते, मी वेळ सांगते आणि वहीत टिपते. अर्ध्या तासाला जवळपास काही सापडत नाही. कातड्यात औषध आधी मुरतं, मग पलीकडे झिरपायला लागतं. ही वाट पाहणं मुलांना जड जातं. पण ट्यूब लावल्या लावल्या "उतरलं, बरं वाटलं" असं जे लोक सांगतात, ते या पहिल्या अर्ध्या तासातलंच सांगणं असतं. सूज उतरवणारं औषध तेव्हा बहुतेक कातड्याच्या वरच्या थरातच असतं. मग बरं वाटतं कशाने?

एक उत्तर चोळण्याचं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं की स्पर्शाच्या जाड नसा जागवल्या की मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशाची वाट अरुंद होते. आपटलेला गुडघा आई चोळते तेव्हा हेच घडतं. दुसरं उत्तर थंडाव्याचं. मेंथॉल त्वचा गार करत नाही. गारवा ओळखणाऱ्या नसांवरची टीआरपीएम-८ नावाची दारं ते उघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तसंच टीआरपीव्ही-१ हे आगीचं दार उघडतं. ठेचा वाटल्यावर हात भाजल्यासारखे होतात पण फोड येत नाही, ते यामुळे. ही दारं शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

तेव्हा ब्लँक जेल चोळूनही काही लोकांना बरं वाटणार, आणि ते वाटणं खोटं नाही. पण त्यासाठी डायक्लोफिनॅकचे पैसे का घ्यायचे, हा प्रश्न उरतोच.

बारा

गाळलेले नमुने एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढवले. मेंथॉलला अतिनील प्रकाशाचं वावडं, ते तो शोषतच नाही. त्यामुळे २७६ नॅनोमीटरवर फक्त डायक्लोफिनॅक दिसावं असं वाटतं. तसं होत नाही. कातडं स्वतःही काही ना काही सोडत असतं, प्रथिनं वगैरे, आणि तीही त्याच भागात चमकतात. इथे ब्लँक जेलचा सेल उपयोगी पडतो. औषध नसताना जे शिखर कागदावर उमटतं ते कातड्याचं. ते ओळखलं नाही तर कातड्याचं श्रेय औषधाला जातं.

पहिले नमुने पाहताना विद्यार्थिनीचा चेहरा उजळला. दोन्ही औषधं असलेल्या जेलची रेघ नुसत्या डायक्लोफिनॅकच्या वर चालली आहे. असं होईल ही अपेक्षाच होती, कारण मेंथॉल पेशींमधल्या चरबीचे पदर सैल करतं आणि बरोबरच्या औषधाला वाट देतं, हे बऱ्याच ठिकाणच्या कामातून पुढे आलं आहे. मेंथॉल जोडीला घेण्याचं हे खरं, भक्कम कारण. नुसता गारवा हे कारण नव्हे. पण एका बोकडाच्या कानावरून मी काही म्हणणार नाही. वेगवेगळ्या जनावरांच्या कातड्यावर रेघा तशाच चालल्या तरच बोलायचं.

एक

डबा. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. खाताना हात प्रयोगशाळेच्या बाहेर धुवायचे, दोनदा. तेवढ्यात एकचा नमुना.

दोन

दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक. आज खलबत्ता आणि अमृतधारा. कापूर, पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल आणि ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, तिन्ही कोरडी, पांढरी. वेगवेगळी ठेवली तर कापूर १७५ अंशांच्या पुढे वितळतो, मेंथॉल ४२ च्या आसपास, थायमॉल ५० च्या. तिन्ही एकत्र खलायला घेतली की पावडर आधी ओलसर होते, बत्त्याला चिकटते आणि दोन-चार मिनिटांत खलात स्वच्छ तेलासारखा द्रव उरतो. पाणी नाही, तेल नाही, आच नाही. घराघरांत आजीच्या कपाटात ही बाटली होती. मुलं मोबाइल काढतात, काढू देते.

यानंतर त्यांना लिडोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणाऱ्या औषधांची जोडी सांगायला सोपं जातं. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन तयार केलं. सुईने ते दिलं की भाग बधिर होतो, पण त्वचेवर नुसतं चोळून काही होईना. लिडोकेन वितळतं ६८ अंशांना, प्रिलोकेन ३७-३८ ला. दोन्ही समसमान मिसळली तर मिश्रण १८ अंशांना, म्हणजे साध्या खोलीतही, तेलासारखं होतं. थेंबाथेंबात औषध गच्च भरलेलं, त्यामुळे प्रत्येकी २.५ टक्के एवढ्या थोड्या औषधातही ते त्वचेतून आत शिरतं. एकत्र आल्याने एकट्याला न जमणारं काम झालं, याचं मला माहीत असलेलं हे सर्वांत सुंदर उदाहरण. लहान मुलाला सलाईनची सुई टोचण्याआधी हे मलम लावून वर पट्टी चिकटवतात.

"मॅडम, किती वेळ ठेवायचं?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला. तासभर. आणि गर्दीच्या वॉर्डात हा तासच मिळत नाही. दहा मिनिटांत सुई टोचतात आणि मलम कुचकामी म्हणून मोकळे होतात. तान्ह्या बाळांत तर जास्तीचा धोका आहे. प्रिलोकेनपासून शरीरात ओ-टोल्युडीन बनतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यापासून रोखतं आणि बाळ निळं पडू शकतं. म्हणून किती ग्रॅम, किती जागेवर, किती वेळ हे वय आणि वजन पाहूनच ठरवायचं. दोन औषधं एकत्र केली की त्यांचे उपद्रवही एकाच ट्यूबमधून येतात, हे वाक्य मी मुलांना वहीत लिहायला लावते.

पाच

शेवटचा नमुना. सेल उघडून कातडं काढायचं, वरचं जेल पुसून घ्यायचं आणि कातड्यात किती औषध मुरून राहिलं तेही मोजायचं. माझ्या मते हा आकडा खाली उतरलेल्या औषधाइतकाच मोलाचा आहे. आपल्याला औषध रक्तात सगळीकडे पसरवायचं नसून दुखऱ्या जागी साठवायचं आहे. गुडघ्यावर जेल लावल्यावर डायक्लोफिनॅक रक्तात पोचतं ते गोळी घेतल्यावर पोचतं त्याच्या साधारण ६ टक्के. जठर आणि मूत्रपिंड वाचतात ते यामुळे, आणि म्हणूनच वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाणाऱ्या कामगारांसाठी चांगलं जेल ही फार मोठी गोष्ट आहे.

वापरलेले कान पिवळ्या पिशवीत. काचा धुवायला घातल्या.

साडेसहा

घरी जाताना पूर्व भागातल्या एका मेडिकलवर थांबले. तुलनेसाठी बाजारातली ट्यूब हवी होती. माझ्यापुढे एक मावशी उभ्या, बोटांच्या टोकांना तेंदूपानाचा तपकिरी रंग. "ती थंड लागती बघा, ती द्या. छोटी द्या." दुकानदाराने ट्यूब काढेपर्यंत मी विचारलं, "कुठं दुखतंय मावशी?" त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्याचा सांधा डाव्या हाताने दाबून दाखवला. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा आणि टोक मुडपायचं. या सगळ्यांत हाच सांधा राबतो, आणि मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर होतो.

"लावल्यावर कसं वाटतंय?"

"आधी थंड, मग गरम. मग डोळा लागतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी पुन्हा तेच की."

अंगठ्याचा सांधा त्वचेच्या अगदी खाली असतो, तिथे जेलचा उपयोग व्हायला वाव आहे. खुब्यासारख्या खोल सांध्यावर तसा तो नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की दोन दिवस लावून सोडू नका, रोज ठरल्या वेळा लावा, दोन आठवडे बघा आणि तरी कमी नाही पडलं तर सिव्हिलला दाखवा. लावून वर गरम फडकं किंवा शेकाची पिशवी ठेवायची नाही; मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेटच्या मलमांनी काही जणांची कातडी भाजल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये दिला होता. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सकाळी हात धुऊनच पानाला हात लावायचा. आणि पोराबाळांच्या हाती ट्यूब लागू द्यायची नाही. मिथाइल सॅलिसिलेटचं निव्वळ तेल चमचाभर पोटात गेलं तरी लहान मूल दगावू शकतं.

"डॉक्टर हाय का तुम्ही?" मावशींनी विचारलं. "नाही, औषधं तपासते." "मग ही चांगली हाय का, ते सांगा की."

मी म्हटलं, त्याच कामाला लागलेय. हातातल्या ट्यूबमधली चार औषधं त्यांना उपयोगी पडतात की त्यातलं एकच, हे मला त्यांना खात्रीने सांगता यायला हवं होतं. त्यांनी मोजून पैसे दिले.

आठ

जेवणं आटोपून टेबलावर माणसांवरच्या चाचणीचा प्रोटोकॉल. काचेच्या सेलला दुखत नाही. औषध उतरलं एवढंच तो सांगतो. दुखणं कमी झालं का हे माणसांनाच विचारावं लागेल. त्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी, २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांप्रमाणे कागदपत्रं आणि देशाच्या चाचणी नोंदवहीत आधी नोंद. ही नोंद २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती चांगली सक्ती आहे; फसलेल्या चाचण्या गुपचूप गाडता येत नाहीत.

आपल्याकडे औषधांचे संच तपासण्याआधीच बाजारात आले, हे दुखणं जुनं. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले औषधनिर्माणशास्त्राचे प्राध्यापक चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने असे संच चाळले आणि मार्च २०१६ मध्ये ३४४ संचांवर बंदी आली. प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबईच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीने पुन्हा तपासणी केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ संच बंद झाले. त्यांत त्वचेवर लावायची मिश्र मलमंही होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६. दर वेळी प्रश्न एकच होता: ही औषधं एकत्र का? याचं उत्तर विकण्याआधी द्यायला हवं होतं.

माझ्या प्रोटोकॉलमधली सर्वांत अवघड जागा वासाची आहे. कुणाला कोणतं जेल मिळालं हे रुग्णालाही कळू नये आणि नोंद घेणाऱ्यालाही. पण मेंथॉल झाकण उघडताच ओळखू येतं. ब्लँकमध्ये वासापुरतं थोडं मेंथॉल घालावं तर ते ब्लँक राहत नाही. विचार करून असं लिहिलं: जेल देणारा वेगळा, दुखण्याची नोंद घेणारा वेगळा, नोंद घेणाऱ्याची खोली वेगळी आणि भेट जेल लावल्यानंतर काही तासांनी, आणि शेवटी प्रत्येकाला विचारायचं, तुम्हाला कोणतं मिळालं असं वाटतं? वासामुळे किती जणांनी ओळखलं हे निकालाबरोबरच छापायचं.

साडेनऊ

या कामात सोबत असलेल्या ऑर्थोपेडिकच्या सरांचा फोन. "चार गट म्हणजे रुग्ण दुप्पट, खर्च दुप्पट. मिश्र जेल आणि बाजारातली ट्यूब, दोनच ठेवू या. बरोबरीचं निघालं तरी पेपर होईल."

पेपर होईल हे खरं आहे. पण दोन मिश्रणं एकमेकांच्या बरोबरीची निघाली, तर मावशींच्या प्रश्नाचं काय? दोन्ही चांगली असतील किंवा दोन्ही चोळण्याइतकीच असतील, कळणार कसं? मी सरांना तसं सांगितलं. त्यांनी जरा वेळ घेतला, मग विचारलं, "ब्लँकवाल्यांना दोन आठवडे दुखत ठेवायचं का?" प्रश्न रास्त होता आणि त्याची सोय आधीच लिहिली होती: प्रत्येक गटाला पॅरासिटामॉलच्या गोळ्या द्यायच्या, लागतील तशा घ्यायची मुभा, आणि किती घेतल्या ते मोजायचं. ज्या गटाने कमी गोळ्या घेतल्या त्याचं जेल काम करतंय, हाही एक पुरावाच.

"बरं, विडी कामगारांची भेटीची वेळ संध्याकाळची ठेवा मग," सर म्हणाले. "दिवसाची मजुरी बुडवून कुणी येणार नाही." ते लिहून घेतलं. गट चार.